कळते सगळे, विचारत कोणी नाही

समाजमाध्यमांमुळे माणसे एकमेकांपासून दुरावली, ही तक्रार आता इतक्या वेळा आणि इतक्या एकसारख्या शब्दांत केली जाते की ती ऐकून कोणी थांबून विचार करत नाही. एका खोलीतली चार माणसे आपापल्या फोनमध्ये डोके घालून बसल्याचे चित्र रंगवायचे, पूर्वी असे नव्हते म्हणून हळहळायचे आणि विषय संपवायचा, अशी तिची रीत ठरून गेली आहे. तक्रार खोटी नाही, पण ती फक्त वेळेचा हिशेब मांडते. फोनमध्ये गेलेला वेळ माणसांसाठी उरला नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. माझ्या मते नुकसान याहून खोलवर झाले आहे. आपल्या माणसांच्या आयुष्यात काय चालले आहे हे कळवण्याचे काम आपण समाजमाध्यमांवर सोपवले आणि ते कळत राहिल्यामुळे संबंध शाबूत आहेत अशी आपली समजूत झाली. संबंध मात्र एकाने विचारण्यावर आणि दुसऱ्याने सांगण्यावर जगतात. आणि जे आधीच कळले आहे त्याबद्दल कोणी विचारत नाही.

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या दोन मैत्रिणींचे बोलणे कसे पुढे सरकते ते पाहावे. ‘अगं, आम्ही शेवटी घर बदललं,’ असे एक जण सांगू लागते आणि तिचे वाक्य पुरे होते न होते तोच दुसरी म्हणते, ‘हो, फोटो पाहिले ना मी. छान आहे हं घर.’ तिच्या मनात काहीही वाईट नसते. उलट, तुझ्याकडे माझे लक्ष असते हेच तिला दाखवायचे असते. पण सांगणारीची गोष्ट तिथेच खुंटते. घर बदलण्यावरून नवऱ्याशी झालेले वाद, जुने घर सोडताना गप्प गप्प झालेले वडील, कर्जाच्या काळजीने उडालेली झोप, यांतले काहीच त्या फोटोंत नव्हते. हे सगळे कोणी पहिल्याच वाक्यात सांगत नाही. ‘घर बदललं’, ‘कधी?’, ‘कसं काय ठरलं?’, ‘सगळ्यांना आवडलं का?’ अशा साध्या प्रश्नोत्तरांतून बोलणे हळूहळू तिथवर पोचते. बातमी आधीच पोचल्यामुळे हे सुरुवातीचे प्रश्न निरुपयोगी ठरतात आणि त्यांच्या पाठोपाठ जे यायचे होते तेही आतच राहते.

आपण एखादी घटना आईला सांगतो, तीच कार्यालयातल्या सहकाऱ्याला सांगतो आणि तीच जिवलग मित्राला सांगतो, तेव्हा घटना एक असली तरी सांगणे तीन प्रकारचे असते. आईला काळजी वाटेल म्हणून काही गाळले जाते, मित्राला मात्र तेवढेच सांगायचे असते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत आपण गोष्ट लांबवतो, आवरती घेतो, मध्येच वळवतो. ‘हे मी तुला म्हणून सांगतो’ या जाणिवेतच जवळीक असते. समाजमाध्यमावर लिहिलेला मजकूर मात्र एकाच वेळी नातेवाईक, जुने वर्गमित्र, वरिष्ठ आणि अर्धवट ओळखीची माणसे या सर्वांना उद्देशून असतो, त्यामुळे सर्वांना चालेल तेवढेच त्यात उरते. तो मजकूर खोटा असतो असे नाही. तो कोणा एकासाठी नसतो, एवढेच.

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा एखाद्याचे काय चालले आहे हे पाहण्यासाठी त्या व्यक्तीच्या पानावर मुद्दाम जावे लागे. त्या जाण्यात निदान आठवण काढणे तरी होते. २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आले आणि सर्वांच्या घडामोडी न मागता आपल्यापुढे येऊन पडू लागल्या. त्या वेळी वापरकर्त्यांनी मोठ्या संख्येने विरोध केला होता, तो मुख्यतः खासगीपणाच्या मुद्द्यावर. विचारण्याची गरजच संपत चालली आहे, याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष नव्हते. २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले आणि दोन शब्द लिहिण्याचे श्रमही वाचले. आता एखाद्याच्या सुखात सामील व्हायला अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो, आणि तो केल्यावर आपले कर्तव्य झाले असे मनापासून वाटते.

समोरासमोरच्या बोलण्यात शब्दांखेरीज किती काय चाललेले असते याची आपल्याला क्वचितच जाणीव असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या दहा भाषांमधील संभाषणे तपासली गेली. एकाने प्रश्न विचारल्यावर दुसऱ्याचे उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, असे त्यात आढळले. भाषेगणिक फरक होता, पण फार मोठा नव्हता. इतक्या चटकन उत्तर सुरू करायचे तर समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच त्याचा रोख ओळखावा लागतो. ऐकणारा गप्प दिसत असला तरी तो प्रत्येक क्षणी बोलणाऱ्याच्या बरोबर चालत असतो. म्हणूनच ‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाचे ‘हो’ किंचित उशिरा आले तर विचारणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते आणि तो पुन्हा विचारतो. लिहून आलेले ‘हो’ दोन मिनिटांनी येवो की दोन तासांनी, त्यावरून काहीच नक्की कळत नाही. माणूस कामात असेल, प्रवासात असेल किंवा रडत असेल.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान मुलींना अनोळखी माणसांपुढे भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावून त्यांच्यावर थोडा ताण आणला गेला. त्यानंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काही जणी आईशी फोनवर बोलल्या, काहींनी आईशी लेखी संदेशांतून संवाद साधला, तर काहींचा आईशी संपर्कच झाला नाही. प्रत्यक्ष भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरात ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल कमी झाले आणि आपुलकीशी जोडले जाणारे ऑक्सिटोसिन वाढले. संदेशांतून धीर मिळालेल्या मुलींची अवस्था मात्र आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी राहिली. धीर देणारी आई तीच होती, मायाही तीच होती. पण आवाज नव्हता. एका लहान प्रयोगावरून सगळ्या मानवी व्यवहाराचा निवाडा करू नये हे खरे, तरीही ‘मी मेसेज केला होता की’ असे म्हणून जेव्हा आपण सुटका करून घेतो, तेव्हा या मुली आठवायला हव्यात.

याविरुद्ध जे पुरावे आहेत त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. संशोधक रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधील कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा इंटरनेटचा जास्त वापर करणाऱ्यांचे घरच्यांशी बोलणे घटले आणि एकटेपणा थोडा वाढला असे त्यात दिसले होते. त्याच संशोधकांनी पुढे त्याच लोकांकडे पुन्हा पाहिले, तेव्हा बहुतेक दुष्परिणाम ओसरलेले आढळले, आणि ते त्यांनी २००२ मध्ये प्रामाणिकपणे जाहीर केले. २०१९ मध्ये एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी फार मोठ्या प्रमाणावरची माहिती तपासून असा निष्कर्ष काढला की किशोरवयीन मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक आढळतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. समाजमाध्यमांनी एक अख्खी पिढी उद्ध्वस्त केली, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे नजरेआड करू नयेत.

पण या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट निसटते. असे बहुतेक अभ्यास एकेकट्या व्यक्तीला विचारतात की तुम्हाला कसे वाटते. संबंध मात्र दोघांचा असतो, आणि त्यात एकाच्या वागण्याची किंमत बहुधा दुसऱ्याला मोजावी लागते. गप्पांच्या मध्येच फोनकडे पाहणाऱ्याला स्वतःला काहीच खटकत नाही; त्याच्या समाधानाच्या प्रश्नावलीत काही उणे होत नाही. खटकते ते बोलणाऱ्याला. बोलणे ऐन रंगात असताना समोरच्याची नजर एका क्षणापुरती खाली जाते आणि लगेच ‘हं, हं, बोल’ असे म्हणत तो परत येतो. तेवढ्यात बोलणाऱ्याने आपली गोष्ट मनातल्या मनात निम्मी करून टाकलेली असते. तो दोन वाक्यांत शेवट सांगतो, ‘असो, चालायचंच,’ म्हणतो आणि विषय बदलतो. भांडण होत नाही, कोणी दुखावल्याचे दाखवत नाही, म्हणून याची कुठेच नोंद होत नाही. असे वारंवार झाले की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याला काही सांगण्याची इच्छाच उरत नाही, आणि हे समोरच्याला कधी कळतही नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मित्रांसोबत किंवा कुटुंबीयांसोबत जेवायला आलेल्या तीनशेहून अधिक लोकांना घेतले होते. काही गटांना फोन टेबलावर ठेवायला सांगितले, काहींना बाजूला ठेवायला लावले. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांचे लक्ष जास्त विचलित झाले आणि त्यांना त्या भेटीचा आनंद थोडा कमी मिळाला. फरक मोठा नव्हता. मात्र असा थोडा थोडा फरक वर्षानुवर्षे प्रत्येक भेटीत पडत राहिला तर त्याची बेरीज काय होते, हे एका जेवणाच्या प्रयोगातून कळणे शक्य नाही.

याचा खरा कस लागतो तो दुःखाच्या आणि भांडणाच्या प्रसंगी. कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कळते आणि काही मिनिटांत श्रद्धांजलीच्या ओळींची रांग लागते. वरच्याने लिहिलेले तेच शब्द उचलून खालचा डकवतो. त्यामागची भावना खोटी असते असे मी म्हणणार नाही. पण ज्याचे माणूस गेले आहे त्याच्या घरी जाणे अवघड असते, कारण तिथे काय बोलावे हे सुचत नाही, आणि त्या न सुचण्यासकट तिथे जाऊन बसण्यातच सांत्वन असते. आलेला माणूस काही बोलला नाही तरी तो आपल्यासाठी हातातले काम टाकून आला, हे घरच्यांना दिसते. लिहिलेल्या ओळीने त्या अवघडलेपणातून आपली सुटका होते आणि सांत्वन केल्याचे समाधानही मिळते. गटावर दोन ओळी लिहिल्या की भेटायला जाण्याची निकड मंदावते. आठवडा उलटतो, मग ‘आता इतक्या दिवसांनी कसे जायचे’ असा संकोच वाटू लागतो आणि जाणे राहून जाते ते कायमचेच.

भांडणाचे तर याहून वाईट होते. समोरासमोर बोललेला कठोर शब्द ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटलेला दिसतो आणि दिसताच पुढचे वाक्य आपोआप मवाळ होते. माणसाला आवर घालणारी ही एक मोठी सोय आहे. लेखी भांडणात ती नाही. तिथे प्रत्येक जण समोरच्याच्या वेदनेऐवजी स्वतःच्या शब्दांकडे पाहत असतो आणि पुढचा वार अधिक नेमका कसा होईल याची जुळवाजुळव करतो. बोललेला शब्द हवेत विरतो, दुसऱ्या दिवशी त्याची धार नीटशी आठवत नाही, आणि त्या विसरण्याच्या आधाराने कितीतरी नाती पुन्हा उभी राहतात. लिहिलेला शब्द मात्र रात्री अकराला, बाराला, एकला पुन्हा पुन्हा उघडून वाचता येतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून तो तिसऱ्यालाही दाखवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०१४ मध्ये संदेश वाचल्याची निळी खूण आणली, तेव्हापासून तर वाचूनही न दिलेले उत्तर हाच एक जबाब मानला जाऊ लागला. ज्या मौनाचा समोर बसल्यावर चेहरा पाहून अर्थ लावता आला असता, त्याचा अर्थ आता प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे लावतो.

समाजमाध्यमांनी दिलेले जे आहे ते मी नाकारत नाही. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, ज्यांचा आजार इतका दुर्मीळ आहे की आसपास कोणाला तो ठाऊकही नसतो, ज्यांना स्वतःच्या घरात मन मोकळे करता येत नाही, त्यांच्यासाठी ही माध्यमे म्हणजे मोठा आधार आहे. कर्णबधिर माणसांना व्हिडिओ कॉलमुळे दूरच्या माणसाशी स्वतःच्या खुणांच्या भाषेत बोलता येऊ लागले, हा बदल किती मोठा आहे याची ऐकू येणाऱ्यांना सहसा कल्पना नसते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले होते की नोकरीची किंवा नव्या संधीची बातमी बहुधा जिवलगांकडून न येता जुजबी ओळखीच्या माणसांकडून येते. अशा ओळखी जपायला ही माध्यमे उत्तम आहेत. अडचण एवढीच की जुजबी ओळखीला पुरेशी असणारी रीत आपण जिवलगांनाही लावली.

जिवलग मुळात थोडे असतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी एका माणसाला सांभाळता येणाऱ्या संबंधांची संख्या सुमारे १५० मानली आहे. समाजमाध्यमांमुळे ही मर्यादा वाढते का, हे तपासून २०१६ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार फेसबुकवरच्या मित्रांपैकी अडीअडचणीला ज्यांच्याकडे खरोखर धाव घेता येईल अशी माणसे लोकांनी सरासरी चारच सांगितली. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासाचा अंदाज असा की नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास, आणि घनिष्ठ मैत्री व्हायला २०० हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात. हे तास दुसऱ्या कशाने भरून निघत नाहीत. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याविषयीच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्याने, २०२३ मध्ये एकाकीपणावर काढलेल्या अहवालानुसार, १५ ते २४ वयोगटातील तरुणांचा मित्रांसोबत प्रत्यक्ष जाणारा वेळ २००३ मध्ये दिवसाला सुमारे १५० मिनिटे होता, तो २०२० मध्ये ४० मिनिटांवर आला. २०२० हे महासाथीचे वर्ष होते आणि या घसरणीला इतरही कारणे आहेत, हे मान्य करूनही ज्या वयात मैत्री करायला शिकायचे त्याच वयातले तास आटले, हे नाकारता येत नाही.

सर्वांत चिंतेची गोष्ट याच्याही पुढची आहे. ज्या बातम्यांच्या भरवशावर आपण विचारणे सोडले, त्या बातम्याही आता या माध्यमांवर फारशा राहिलेल्या नाहीत. अमेरिकेत मेटा कंपनीवर चाललेल्या मक्तेदारीविषयीच्या खटल्यात २०२५ मध्ये जे पुढे आले, त्यानुसार तिथले लोक फेसबुकवर घालवतात त्या वेळेपैकी केवळ १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवर केवळ ७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेला मजकूर पाहण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा वेळ अनोळखी माणसांच्या चित्रफितींचा आहे. आधी माध्यमाने आपल्या माणसांची खबर देण्याचे काम अंगावर घेतले, त्यामुळे आपली विचारपूस थांबली, आणि मग माध्यमाने ते काम सोडून दिले. मधल्या काळात विचारण्याची सवय मात्र मोडली. आता मित्राची खबर ना त्याच्याकडून येते, ना पडद्यावरून, आणि काही दिसत नाही याचा अर्थ सगळे ठीक असावे असा आपण धरून चालतो.

यावर ‘ज्याने त्याने स्वतःला आवर घालावा’ हा उपदेश पुरेसा नाही. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे मिळवता येईल, या विचारातून ही माध्यमे घडवली गेली. कुशल माणसांच्या फौजा ज्या कामासाठी राबतात, त्याला एकट्या माणसाच्या निश्चयाने तोंड द्यावे असे म्हणणे अन्यायाचे आहे. कायद्याने यात लक्ष घालायलाच हवे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही असा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये केला आणि डिसेंबर २०२५ पासून तो लागू केला. त्यामागचा हेतू योग्य आहे, पण त्याच्या पुरेपणाविषयी मला शंका वाटते. फेसबुक चार आठवडे बंद ठेवण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत २०१८ मध्ये झाला. त्यात सहभागी झालेल्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला. तो काही प्रमाणात कुटुंबीयांशी आणि मित्रांशी भेटण्याबोलण्यात गेला, पण काही प्रमाणात एकट्याने टीव्ही पाहण्यातही गेला. वेळ मोकळा झाला म्हणून माणूस आपोआप माणसाकडे वळतो असे नाही. वळायला जागा आणि निमित्त लागते. मुलांच्या हातातला फोन काढून घेणाऱ्या सरकारांनी मैदाने, वाचनालये, संध्याकाळी उघड्या राहणाऱ्या शाळा आणि विनामूल्य बसता येईल अशा जागा यांवर तितकाच खर्च केला पाहिजे.

मोठ्यांच्या बाबतीत वयाची अट लावता येत नाही, तिथे माध्यमांच्या रचनेलाच हात घालावा लागेल. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने सर्वांत मोठ्या माध्यमांवर असे बंधन घातले आहे की वापरकर्त्याच्या सवयी हेरून मजकूर न निवडणारा निदान एक पर्याय त्याला द्यावा. हा पर्याय द्यावा, पण तो शोधत बसावे लागेल अशा कोपऱ्यात नसावा. खाते उघडल्यावर पहिल्यांदा तोच दिसावा, त्यात फक्त ओळखीच्या माणसांचा मजकूर असावा, आणि तो कुठेतरी संपावा. ज्याला आणखी हवे त्याने ते मागून घ्यावे. अशा नियमाने कोणाच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येत नाही आणि कोणाला माध्यम सोडावेही लागत नाही. कंपन्यांचे उत्पन्न मात्र यामुळे घटेल, आणि त्यांचा विरोध नेमका इथेच होईल. म्हणून ही मागणी एकेकट्या वापरकर्त्याने सेटिंगमध्ये शोधत बसण्याऐवजी लोकप्रतिनिधींपुढे आणि कायदेमंडळांपुढे मांडली गेली पाहिजे.